डोंगल हरवला की माउस का मरतो?

घर आवरताना माझ्या वायरलेस माउसचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर, गेला. नखाएवढी वस्तू ती, केरातच गेली असणार. आईला विचारलं तर म्हणे, "ते काळं होय? मला वाटलं कशाचं तरी टोपण असेल." मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून ब्लूटूथचा डोंगल आणला, दिसायला अगदी सेम, घरी येऊन लावला आणि माउस ढिम्म. हलेचना.

गंमत अशी की दोन्ही डोंगल म्हणजे रेडिओच, आणि तेही एकाच पट्ट्यातले, 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ. वायफायचाही एक मोठा भाग इथेच चालतो आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपासच तापवतो, कारण या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्यामुळे दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी. मग माझा माउस नव्या डोंगलशी का बोलेना? कारण लहरी त्याच असल्या तरी भाषा वेगळी. माउससोबत येणारा डोंगल आणि तो माउस यांची जोडी कारखान्यातच जमवलेली असते, त्यांची खाजगी भाषा दुसऱ्या कोणाला कळत नाही, आणि कॉम्प्युटरला तर या सगळ्याचा पत्ताच नसतो. डोंगल त्याला सांगतो की मी वायरवाला यूएसबी माउस आहे, आणि तो बिचारा विश्वास ठेवतो.

ब्लूटूथमध्ये हा मधला दुभाषी नसतो. तिथे विंडोज किंवा लिनक्सला स्वतःच ती भाषा बोलावी लागते (बाजारातून आणलेला ब्लूटूथ डोंगल फक्त रेडिओ पुरवतो, बाकीचं बरंचसं काम सॉफ्टवेअरचं). म्हणूनच लॅपटॉप फॉरमॅट करायला बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा सेटिंगचा पडदा) शिरलात की ब्लूटूथ कीबोर्ड बहुतेक वेळा मुका होतो आणि डोंगलवाला मात्र चालतो, तेव्हा एक साधा वायरचा कीबोर्ड माळ्यावर ठेवाच. पण ब्लूटूथची भाषा सगळ्यांची सामाईक आहे, एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम, तोशिबा यांनी 1998 मध्ये एकत्र येऊन ती चालवायला घेतली, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा माउस कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपला जोडता येतो आणि पोर्टही अडत नाही. नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं, लोगोतही त्याचीच आद्याक्षरं जुन्या रून लिपीत एकमेकांवर बसवलीत.

वेगाचं म्हणाल तर गेमिंगचा डोंगल सेकंदाला 1000 वेळा माउसची खबर देतो. आजचे ब्लूटूथ माउस बहुतेक लो एनर्जी (कमी बॅटरी खाणाऱ्या) प्रकारचे, त्यात माउस आणि कॉम्प्युटरच्या दोन भेटींमध्ये सहसा निदान 7.5 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला फार तर 133 वेळा. एक्सेल भरणाऱ्याला हा फरक जन्मात कळणार नाही, गोळ्या झाडणाऱ्याला मात्र लगेच कळतो.

आता खरी डोकेदुखी. हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी करताना माउस अडखळतो, उड्या मारतो, आपण बॅटरी बदलतो, पॅड बदलतो, शेवटी माउसच बदलतो, आणि चोर असतो शेजारचा निळा पोर्ट! यूएसबी 3.0 मधून सेकंदाला 5 गिगाबिट डेटा धावतो तेव्हा त्या पोर्टमधून आणि केबलमधून रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो आणि तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने 2012 मध्ये हे मोजून लिहूनच ठेवलंय. डोंगल त्या पोर्टला अगदी खेटून बसलेला, त्याच्या कानाशी कोणी ताशा बडवतंय म्हटल्यावर लांबून येणारा माउसचा बारीक आवाज त्याला कसा ऐकू येणार? विकतच्या ब्लूटूथ डोंगलचंही हेच होतं. उपाय मात्र स्वस्त आहे, साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर आणून डोंगल माउसच्या जवळ टेबलावर आणायचा, किंवा दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टला लावायचा.

आणि खाजगी भाषा म्हणजे गुप्त भाषा असं समजू नका हं. 2016 मध्ये माउसजॅक नावाची भानगड उघड झाली, त्यात बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांच्या ब्लूटूथ नसलेल्या डोंगलना लांबूनच खोट्या कळा दाबून पाठवता येत होत्या. कीबोर्डचं बोलणं कुलूपबंद करायचे, पण माउसचं बोलणं उघडंच ठेवलेलं, तिथूनच वाट मिळाली. आता लॉजिटेकच्या 2021 च्या बोल्ट डोंगलमध्ये तर आत ब्लूटूथ लो एनर्जीच बसवलंय, म्हणजे भाषा सामाईक आणि दुभाषी खाजगी!

त्याच कंपनीच्या 2009 च्या युनिफाइंग डोंगलला एकावेळी सहा वस्तू जोडता येतात, हरवला तर दुसरा आणून पुन्हा जोडी जमवता येते. माझा माउस पडला साधा, एकपत्नीव्रती. त्यातला सेल तेवढा काढून भिंतीवरच्या घड्याळाला घातला.