इंजेक्शन साच्याचे पोलाद, देखभाल व दुरुस्ती (गोवा)

वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाने ज्यात भरले जाते आणि थंड झाल्यावर नग म्हणून बाहेर येते, तो पोलादी साचा. कारखान्यात त्याला मोल्ड किंवा डाय म्हणतात. बाहेरचा आकार देणारी कॅव्हिटी, आतला आकार देणारा कोअर, नग ढकलणाऱ्या इजेक्टर पिना आणि पाणी फिरवणारी भोके हे त्याचे मुख्य भाग. वेर्णा, कुंडई, डिचोली, थिवी अशा औद्योगिक वसाहती असलेल्या गोव्यात साच्याचा पहिला शत्रू गंज आहे, झीज त्यानंतर येते. पोलादाची निवड आणि निगा दोन्ही याच क्रमाने ठरवायला हव्यात.

जून ते सप्टेंबर या काळात येथे सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो आणि हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचते) 24–25 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. साचा थंड करणाऱ्या चिलर यंत्राचे पाणी मात्र अनेकदा 10–12 अंशांवर चालवले जाते. त्यामुळे साच्याच्या प्लेटांना घाम सुटतो, तो पार्टिंग लाईनवरून (साच्याचे दोन भाग मिटतात ती रेघ) आत झिरपतो आणि पिनांच्या भोकांत साचतो. किनाऱ्याकडून येणारी खारट हवा त्यात भर घालते. मशीन थांबवण्याआधी पाणी बंद करून साचा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत शॉट (नग काढण्याचे फेरे) मारत राहणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. तोच सर्वांत जास्त टाळला जातो.

साध्या कामाला पी-20 पोलाद चालते. ते पोलाद बनवणाऱ्या कारखान्यातूनच 28–34 रॉकवेल सी (कठीणपणाचे माप) इतके कठीण होऊन येते, त्यामुळे मशिनिंगनंतर हार्डनिंगची (तापवून कठीण करण्याची) आणि त्यातून येणाऱ्या वाकण्याची भीती नसते. काचतंतू भरलेले नायलॉन पी-20 चे गेट (प्लॅस्टिक आत शिरते ते तोंड) लवकर खाते. तिथे सुमारे 5 टक्के क्रोमियमचे एच-13 घेऊन 48–52 रॉकवेल सीपर्यंत हार्डन करावे लागते. पीव्हीसी जास्त तापले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते, म्हणून त्याच्यासाठी सुमारे 13 टक्के क्रोमियमचे 420 जातीचे स्टेनलेस. हार्ड क्रोमचा मुलामा या कामी फसवा ठरतो, कारण तेच आम्ल क्रोमला विरघळवते.

पारदर्शक झाकणे किंवा औषधाच्या डब्या काढणाऱ्या साच्यालाही गोव्यात स्टेनलेसच घ्यावे. पी-20 ची चकचकीत कॅव्हिटी एका दमट आठवड्यात डागाळू शकते. स्टेनलेस गंजतच नाही, हा मात्र गैरसमज. त्याची गंजरोधकता हार्डनिंग आणि चांगले पॉलिश झाल्यावरच पूर्ण मिळते. टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणे) सुमारे 250 अंशांवर केल्यास ती टिकते, 500 अंशांच्या आसपास केल्यास घटते. हीट ट्रीटमेंटला देताना हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. स्टेनलेस उष्णता कमी वाहून नेते, त्यामुळे सायकल (एक नग काढायला लागणारा वेळ) थोडी लांबते. ती किंमत येथे मोजण्यासारखी आहे.

देखभालीची खरी कसोटी चतुर्थीच्या सुट्टीत लागते. ऐन दमट दिवसांत कारखाना बंद राहतो आणि साचे मशीनवर तसेच लटकलेले असतात. सुट्टीआधी पाण्याची भोके दाबाच्या हवेने फुंकून कोरडी करावीत. कॅव्हिटी पुसून गंजरोधक स्प्रे मारावा आणि साचा मिटवून ठेवावा. उघड्या कॅव्हिटीला नंतर हात लावू नये, कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे पोलादात उमटतात. चिकटलेले प्लॅस्टिक काढायला पितळेची पट्टी वापरावी. स्क्रू-ड्रायव्हरने पार्टिंग लाईनची कड गेली की फ्लॅश (फटीतून बाहेर येणारा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा) सुरू होतो आणि तो पुढे वाढतच जातो. 0.02–0.03 मिमी खोलीचे, हवा बाहेर सोडणारे खाचे बुजले, तर कोंडलेली हवा तापून नगाच्या टोकाला काळा डाग पडतो. ऑपरेटर त्यावर तापमान कमी करत बसतो, साफसफाई मात्र राहून जाते. पाण्याच्या भोकांतला क्षार तर बाहेरून दिसतही नाही, फक्त सायकल हळूहळू लांबत जाते.

दुरुस्तीत टिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने तार वितळवून) मोठा तुटलेला भाग भरता येतो, पण पोलाद आधी तापवून घ्यावे लागते आणि नंतर टेंपर करावे लागते. थंड एच-13 वर थेट वेल्ड केले तर कडेने चीर जाते. बारीक कड किंवा खड्डा असेल तर लेसर वेल्डिंग चांगले, त्यात आसपासचे पोलाद फारसे तापत नाही. भरणीची तार मूळ पोलादाच्याच जातीची हवी, नाहीतर पॉलिश किंवा टेक्सचर केल्यावर त्या जागी कड्यासारखी खूण दिसते. नायट्रायडिंगने (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून) कठीण केलेला थर घासून काढल्याशिवाय वेल्ड धरत नाही, त्यात छिद्रे पडतात. स्पार्किंग केलेल्या (विजेच्या ठिणग्यांनी कोरलेल्या) भागावरचा पांढरा, ठिसूळ थरही दगडाने उतरवल्यावरच पॉलिश सुरू करावे.

दोन्ही भाग नीट टेकतात का हे निळा रंग लावून पाहून साचा जुळवून झाला आणि चाचणीचे नग बरोबर आले, की कोणत्या जागी कोणती तार भरली हे साच्याच्या कार्डावर नोंदवावे. पुढच्या वेळी त्याच जागेला चीर गेली, तर वेल्डरला आधी तेच विचारावे लागते.