कोर्टकचेरीतले लॅटिन शब्दप्रयोग

हेबियस कॉर्पस, सुओ मोटू, कॅव्हेट, स्टेटस को, इन कॅमेरा हे सगळे शब्द आपल्याला बातम्यांत, नोटिशीवर आणि वकिलाच्या तोंडी भेटतात. भाषा जुन्या रोमन लोकांची, पण आपल्याकडे आले ते इंग्रजांच्या कोर्टांबरोबर. इंग्लंडात 1066 नंतर नॉर्मन राज्य आलं, तेव्हापासून कित्येक शतकं कोर्टाचं दप्तर लॅटिनमधे लिहिलं जायचं, आणि ज्याचा खटला चाललाय त्या साध्या माणसाला त्यातलं अक्षर कळायचं नाही. शेवटी 1730 साली तिथल्या पार्लमेंटने कायदा केला की कोर्टाचं काम इंग्रजीत चालवा, तो 1733 पासून लागू झाला, पण अर्जांची आणि हुकमांची नावं मात्र तशीच राहिली कारण एकेका नावामागे शेकडो वर्षांचे निकाल उभे होते, नाव बदललं की त्या निकालांचा धागा तुटणार. मुंबई हायकोर्ट 1862 साली सुरू झालं आणि ही नावं इथेही रुळली. आज आपल्या तालुका-जिल्हा कोर्टाची भाषा मराठी आहे, हायकोर्टाची इंग्रजी, आणि हे शब्द दोन्हीकडे फिरतात.

डिक्शनरीतला अर्थ पाठ करून फारसं काही हाती लागत नाही, तो शब्द कोर्टाने उच्चारल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते कळायला हवं.

सगळ्यात मोलाचा शब्द हेबियस कॉर्पस. शब्दशः अर्थ 'तुझ्या ताब्यातला देह असू दे', म्हणजे ज्याला धरून ठेवलंयस त्याला कोर्टासमोर उभं कर आणि कुठल्या कायद्याने धरलंस ते सांग. इंग्लंडात यासाठी 1679 मधे खास कायदा झाला. आपल्या राज्यघटनेच्या कलम 32 मधे पाच रिट (कोर्टाचे खास हुकूम) नावानिशी दिलेत त्यातलं हे पहिलं, मराठी घटनेत त्याला 'देहोपस्थिती' म्हटलंय, शाळेच्या पुस्तकात 'बंदी प्रत्यक्षीकरण', आणि वकील नुसतं "हेबियस टाकू" म्हणतात. बाकीचे चार म्हणजे मँडेमस (आम्ही हुकूम देतो, म्हणजे सरकारी माणसाने आपलं काम करावं), प्रोहिबिशन (खालच्या कोर्टाला हद्दीबाहेर जायला मनाई), सर्शिओरारी (खालच्या कोर्टाचा निकाल वर मागवून तपासणं) आणि को वॉरंटो, यातला शेवटचा मला फार आवडतो कारण त्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला सरळ विचारलंय की तू कुठल्या अधिकाराने बसलायस. कलम 32 हा घटनेचा आत्मा आहे असं बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 ला घटना समितीत सांगितलं होतं. हेबियसचा अर्ज कोंडलेल्या माणसानेच करायला हवा असं नाही, आईबाप, बायको, मित्र कुणीही करू शकतं, आणि समोर पोलीसच असायला पाहिजेत असंही नाही, कुणी खाजगी माणसाने घरात डांबून ठेवलं असेल तरी चालतं.

या शब्दाची खरी परीक्षा आणीबाणीत झाली. मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायची मुभा देणाऱ्या कायद्याखाली, आत टाकलेल्या लोकांनी ठिकठिकाणी हेबियसचे अर्ज केले, नऊ हायकोर्टांनी अर्ज ऐकता येतात असं म्हटलं, आणि मग सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. 28 एप्रिल 1976 ला एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला की आणीबाणी असेपर्यंत हे दार बंद. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढे जानेवारी 1977 मधे सरन्यायाधीश नेमताना त्यांची सेवाज्येष्ठता डावलली आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, आणि 2017 मधे प्रायव्हसीच्या खटल्यात तो निकाल चुकीचा होता असं लिहून रद्द करणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड. मधल्या काळात 44 व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही अशी सोय झाली होती.

आता रोजच्या कामातला शब्द, स्टेटस को. मराठीत याला 'जैसे थे' इतका चपखल शब्द मिळालाय की मागे लॅटिन आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण 'जैसे थे' आणि 'स्टे' (मनाई हुकूम) एकच समजून लोक फसतात. समजा दोन भावांचा वाटणीचा दावा आहे आणि धाकट्याने सामाईक जागेत जोत्यापर्यंत बांधकाम आणलंय. मनाई हुकूम मिळाला तर तो धाकट्याला थांबवतो, थोरल्यावर सहसा त्याचं काही बंधन नसतं. जैसे थे मिळालं तर दोघंही बांधले जातात, धाकट्याने वर वीट चढवायची नाही आणि थोरल्याने ते जोतं पाडायचं नाही, जमीनही कुणी विकायची नाही. आणि 'जैसे थे' म्हणजे नक्की कुठल्या तारखेचं? ते हुकमात लिहून घेतलं नाही तर पुढचं भांडण त्यावरूनच होतं, एक म्हणतो तेव्हा भिंत नव्हती दुसरा म्हणतो होती, म्हणून जागेचे फोटो आणि पंचनामा आधीच करून ठेवावा.

कॅव्हेटचंही तसंच. अर्थ 'त्याने सावध राहावं'. आपल्याकडे "आम्ही कॅव्हेट टाकलंय" असं म्हणताना लोकांना वाटतं समोरच्याचा दावाच अडवला. तसं काही नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148-अ, 1976 च्या दुरुस्तीने आलेलं, एवढंच सांगतं की मला ऐकल्याशिवाय समोरच्याच्या अर्जावर हुकूम करू नका. त्याची मुदत 90 दिवस, आणि समोरच्याला पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने कळवावं लागतं. मुदत संपली की परत दाखल करायचं, हे विसरल्याने एकतर्फी हुकूम झाले की मग धावपळ.

इन कॅमेरा या शब्दाने तर महाराष्ट्रात दोन जन्म घेतलेत. लॅटिनमधे कॅमेरा म्हणजे खोली, फोटोचा कॅमेरासुद्धा 'अंधारी खोली' या नावावरूनच आलाय. म्हणून कोर्टात इन कॅमेरा सुनावणी म्हणजे दार लावून, बाहेरच्या कुणाला आत न घेता. बलात्काराचे खटले असेच चालवायचे ही तरतूद 1983 मधे आली. पण शवविच्छेदन इन कॅमेरा करा अशी मागणी नातेवाईक करतात तेव्हा त्यांना नेमकं उलटं हवं असतं, व्हिडिओ शूटिंग करा, काही लपवू नका. कोठडीतल्या मृत्यूंचं शवविच्छेदन चित्रित करावं असं मानवी हक्क आयोगाने 1995 मधे राज्यांना सांगितलं होतं. हा दुसरा अर्थ आता मराठीत पक्का झालाय आणि मागणीही रास्त आहे, फक्त कोर्टाच्या बातमीत तो लावला की सगळी बातमी उलटी वाचली जाते.

सुओ मोटू म्हणजे आपणहून, बोलताना सुमोटो. कुणी अर्ज केला नाही तरी कोर्ट स्वतः दखल घेतं, नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांनी पेपरातल्या बातमीवरून अशा जनहित याचिका दाखल करून घेतल्यात, आणि बाजू मांडायला एक वकील 'न्यायालयाचा मित्र' म्हणून नेमला जातो. सब ज्युडिसे म्हणजे पुढाऱ्यांचं लाडकं 'न्यायप्रविष्ट', प्रायमा फेसी म्हणजे 'प्रथमदर्शनी', हे दोन्ही शब्द मराठीत उत्तम बसलेत. एक्स ग्रेशिया म्हणजे 'सानुग्रह', मुंबई महापालिकेचा दिवाळी बोनस कागदावर सानुग्रह अनुदान असतो. देणारा यात कुठलीही जबाबदारी कबूल करत नाही, पण म्हणून अपघातग्रस्ताच्या घरच्यांनी अशी मदत घेतली की त्यांचा भरपाईचा दावा आपोआप संपत नाही.

राहिला मेन्स रिआ, म्हणजे मनातला गुन्ह्याचा हेतू. नुसती कृती पुरत नाही, मनही गुन्हेगार असावं लागतं हा फौजदारी कायद्याचा पाया. पण नेहमी नाही. झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज नावाचा प्रवासी 28 नोव्हेंबर 1962 ला सांताक्रूझला विमानातच बसून होता, अंगातल्या खास शिवलेल्या जाकिटात सुमारे 34 किलो सोनं. मुंबईत उतरायचा त्याचा विचारच नव्हता. पण असं सोनं कागदोपत्री दाखवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नवा नियम चारच दिवस आधी, 24 तारखेला गॅझेटमधे छापून आला होता. मला माहीतच नव्हतं, हे त्याचं म्हणणं. मुंबई हायकोर्टाने सोडलं, सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने दोषी धरलं: या कायद्यात हेतू बघायची गरज नाही आणि नियम गॅझेटमधे आला की तो लागू झाला. शिक्षा मात्र तोवर जितकी भोगून झाली होती तेवढ्यावरच थांबवली.