फॅट बाइकच्या टायरची हवा

फॅट बाइक म्हणजे साधारण ३.८ ते ५ इंच रुंद टायरची सायकल. नेहमीच्या माउंटन बाइकचा टायर सव्वादोन-अडीच इंचांचा असतो. पुष्कळ फॅट बाइकना सस्पेन्शन नसते आणि असले तरी बहुधा फक्त पुढच्या चाकाला. खडबडीत वाटेवरचे हादरे पचवण्याचे मुख्य काम टायरमधली हवाच करते. त्यामुळे हवा किती ठेवली यावर सायकल अंग ठणकवणार की अलगद नेणार हे ठरते.

ही सायकल मुळात बर्फ आणि वाळूसाठी जन्मली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अलास्कात बर्फावरच्या शर्यतींसाठी लोक दोन रिम एकमेकींना जोडून रुंद चाके बनवत. २००५ मध्ये सर्ली कंपनीची पगस्ली ही सायकल आली आणि असली चाके दुकानात तयार मिळू लागली. ठाणे आणि नवी मुंबईत बर्फ नाही, पण काळ्या कातळाचे टेकाड, मोकळा मुरूम आणि पावसाळ्यातला चिखल भरपूर आहे.

हवा कमी केल्याने नेमके काय होते, हे हिशेबाने चटकन कळते. मागच्या चाकावर ५५ किलो भार आणि टायरमध्ये २० पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक, दर चौरस इंचावर इतके पौंड) हवा असेल, तर जमिनीला साधारण ४० चौरस सेंटिमीटर रबर टेकते. हवा १० पीएसआयवर आणली की ते दुपटीच्या घरात जाते. टायरच्या ताठपणामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येतो, पण तत्त्व तेच. रबर दगडाभोवती वाकते, चाक उसळायच्या ऐवजी दगड पोटात घेते आणि मुरमावर पकड सुटत नाही. टायर कडक असला तर तो चेंडूसारखा उडतो आणि लागोपाठ दगड आले की उसळी वाढतच जाते.

अडचण बहुतेकदा हवा भरतानाच सुरू होते. पंक्चरवाल्याचा हात मोटारसायकलच्या २५-३५ पीएसआयला सरावलेला असतो. आठ पीएसआयचा टायर अंगठ्याने दाबून तो म्हणतो, "दादा, हवा बसलीये, भरून देऊ?" आणि कॉम्प्रेसरच्या दोन फुसक्यांत नेमका दाब साधण्याची सगळी मेहनत वाया जाते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, वाटेवर ठेवायचा नव्हे. पंपावरचा मोठ्या पल्ल्याचा काटा दहाच्या खाली भरवशाचा नसतो, तेव्हा कमी दाब मोजणारा छोटा गेज स्वतःजवळ असावा. फॅट बाइकवाल्याने हेल्मेटनंतर सर्वांत आधी घ्यायची वस्तू तीच, असे माझे ठाम मत आहे.

मध्यम वजनाच्या माणसाने मागे १२ आणि पुढे १० पीएसआयपासून सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे एक-दोन जास्त. ओळखीचा एखादा दगडी टप्पा निवडून तोच पुन्हापुन्हा चालवावा आणि दर फेरीला एकेक पीएसआय कमी करावा. रिम दगडावर आपटल्याचा खट्ट आवाज आला की थांबून एक-दोन पीएसआय परत भरावे. तो आपला आकडा. वजनदार माणसाचा तो वर जाईल, हलक्याचा खाली. टायरच्या बगलेवर घड्या दिसल्या किंवा हँडल वळणात आपोआप आत ओढू लागले, तर हवा गरजेपेक्षा कमी झाली आहे.

ऊनही धरावे लागते. पहाटे गार हवेत १० पीएसआय भरलेला टायर दुपारी उन्हात तापून १२ पर्यंत जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये दोनाचा फरक जाणवत नाही, इथे तो मनगटांना जाणवतो.

कमी हवेत रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोके पडण्याचा धोका असतो. आणखी एक खूण बारकाईने पाहण्यासारखी आहे : जोरात ब्रेक लावल्यावर टायर रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूबही ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका उभा राहतो. तो तसाच सोडला तर मुळाशी फाटतो. हवा पूर्ण काढून तो सरळ करावा आणि पुढच्या वेळी थोडी जास्त हवा ठेवावी. ट्यूबलेस केल्यास चिमटण्याची कटकट मिटते, मात्र स्वस्त सायकलींच्या भोके पाडलेल्या, आतून रंगीत पट्टी दिसणाऱ्या रिमवर ते नीट बसवणे कठीण.

ठाण्याहून येऊरला किंवा खारघर गावातून फणसवाडी-चाफेवाडीच्या चढाला जायचे तर आधी डांबर लागते. त्यावर कमी हवेची सायकल गुरगुरते आणि पाय दमवते. म्हणून घरून १५-१८ पीएसआयवर निघून वाटेच्या तोंडाशी हवा सोडणे बरे. परतीला छोट्या हातपंपाने ती भरायची तर शंभरच्या आसपास झटके मारावे लागतात, एवढी या टायरची पोकळी मोठी. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, तेव्हा आतल्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी आणि वेळा पाळाव्याच लागतात.

पावसाळ्यात हवा उतरवून चिखलावर तरंगता येते, पण चिकट माती टायर आणि फ्रेमच्या मधल्या जागेत दाटून चाक अडते. शेवाळलेल्या कातळावर हवेची कुठलीही मात्रा चालत नाही. तिथे उतरून सायकल हाताने न्यावी.