सेग्यूर, काँतेस द

सेग्यूर, काँतेस द : (१ ऑगस्ट १७९९ – ९ फेब्रुवारी १८७४). मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारी फ्रेंच लेखिका. माहेरचे नाव सोफी रोस्तोपशिन. जन्म सेंट पीटर्झबर्ग येथे, एका रशियन उमराव घराण्यात. १८१२ मध्ये नेपोलियनच्या फौजा मॉस्कोवर चालून आल्या, तेव्हा तिचे वडील फ्योदोर रोस्तोपशिन त्या शहराचे गव्हर्नर होते. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी व्होरोनोवो येथील आपला वाडा स्वतःच पेटवून दिला. पुढे त्यांच्यावरची झारची मर्जी उतरली, त्यांनी रशिया सोडला आणि १८१७ मध्ये कुटुंब पॅरिसला आले. दोन वर्षांनी सोफीचा विवाह काउंट युजेन द सेग्यूर याच्याशी झाला. पतीचा मुक्काम बहुधा पॅरिसमध्येच असे. सोफी मात्र नॉर्मंडीतील ऑब गावाजवळच्या ‘ले नूएत’ या वाड्यात रमली. तिला आठ मुले झाली.

पन्नाशी उलटेपर्यंत तिच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. तिच्या मुलीचा नवरा राजनैतिक सेवेत होता. त्याची लंडनला नेमणूक झाली आणि कामिय व मादलेन या दोन नाती आजीपासून दुरावल्या. त्यांना सांगितलेल्या परीकथा तिने कागदावर उतरवल्या. १८५७ मध्ये गुस्ताव दोरेच्या चित्रांसह त्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती.

प्रकाशक लुई आशेत यांनी त्या काळात रेल्वे स्थानकांवर पुस्तकांचे स्टॉल सुरू केले होते. प्रवाशांच्या मुलांसाठी गुलाबी वेष्टनाची स्वस्त मालिका त्यांनी काढली. ‘बिब्लिओतेक रोज’ म्हणजे गुलाबी ग्रंथमाला हे तिचे नाव. काउंट सेग्यूर हा पूर्व फ्रान्सच्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता. आशेतशी सोफीची गाठ पडली ती या ओळखीतूनच. पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत तिने वीसच्या आसपास पुस्तके लिहिली. हौस म्हणून लिहिणाऱ्या आजीबाई ही तिची प्रतिमा अपुरी आहे. मजकुराला लावलेली कात्री तिला मान्य नसे, आणि आशेतचे जावई एमिल तांप्लिये यांच्याशी ती पत्रांतून नेटाने वाद घाली.

१८५८ च्या ‘ले पतीत फिय मोदेल’ (आदर्श मुली) या कादंबरीत नातींचीच नावे असलेल्या दोन गुणी बहिणी आहेत. वाचकांच्या मनात घर केले ते मात्र ‘ले मालर द सोफी’ (सोफीची संकटे) मधल्या द्वाड सोफीने. ही चार वर्षांची मुलगी मेणाची बाहुली उन्हात ठेवते आणि बाहुलीचे डोळे आत जातात. आईचे लाडके मासे ती सुरीने कापते. घोड्यांसाठी दिलेला पाव स्वतःच खाते. आजीसुद्धा नेहमीच शहाणी नव्हती, असे लेखिकेने अर्पणपत्रिकेत नातीला सांगितले आहे. सोफीची भूक आणि तिला होणाऱ्या कडक शिक्षा यांत लेखिकेचे रशियातील बालपण स्पष्ट दिसते. मूल चुकते ते दुष्टपणाने नव्हे, तर कुतूहलाने, हे तिने फार जवळून जाणले होते. म्हणूनच तिच्या पुस्तकांतला उपदेश विरला, पण ही मुलगी टिकली.

तिच्या कादंबऱ्यांत संवाद नाटकाप्रमाणे पात्राच्या नावापुढे लिहिलेले असतात, त्यामुळे घरात मोठ्याने वाचायला त्या सोयीच्या पडत. ‘मेम्वार दँ आन’ (एका गाढवाच्या आठवणी, १८६०) मध्ये कादिशाँ नावाचे गाढव स्वतःची कहाणी सांगते, माणसांच्या मारहाणीचा हिशेब मांडते आणि आपल्या सूडाबद्दल पुढे पस्तावतेही. ‘ल जेनेराल दुराकीन’ (१८६३) मध्ये ती रशियात परतते. तेथील भूदासांवर चालणारा चाबूक तिने मुलांपासून लपवलेला नाही. या फटक्यांच्या वर्णनांवर नंतरच्या टीकाकारांनी बराच आक्षेप घेतला. परंतु मुलांवर हात उगारणाऱ्या मोठ्यांची बाजू ती क्वचितच घेते. सोफीची सावत्र आई मादाम फिशिनी हे याचे ठळक उदाहरण. उच्चनीच वर्गांची चौकट मात्र तिला स्वाभाविक वाटे, आणि नोकरचाकरांचे चित्रण आजच्या वाचकाला खटकते.

१८६३ मध्ये पतीचे निधन झाले. उत्तरायुष्यात तिचा कल कॅथलिक धर्माचरणाकडे अधिकाधिक वळला आणि लेखनातही तो उतरला. १८७२ मध्ये ‘ले नूएत’ विकावे लागले. पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाला आणि ब्रिटनी प्रांतातील प्ल्युनरे येथे दफनविधी झाला. ऑब येथे तिच्या नावाचे संग्रहालय आहे. क्रिस्तोफ ओनोरे यांनी २०१६ मध्ये सोफीच्या कथेवर चित्रपट काढला.