कुंभार्ली घाटात चढणारा काटा

मे महिन्यातली दुपार होती. गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू आणि समोर कुंभार्ली घाट. चिपळूण सोडलं तेव्हा तापमानाचा काटा नेहमीसारखा मधोमध होता. पाच-सहा वळणं चढलो आणि काटा हलला. पुढच्या दोन वळणांत तो लाल पट्ट्याला टेकला. गाडी कडेला घेऊन बोनेट उघडलं, तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतून भात रटरटावा तसा आवाज येत होता आणि गोडसर, औषधी वास सुटला होता.

ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा गाडी तापली तेव्हा एका गॅरेजात रेडिएटर, म्हणजे कूलंट निववणारी पुढची जाळी, साफ करून घेतला. दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट आणि फॅनची मोटर बदलली. दर वेळी गाडी गावात महिनाभर सुतासारखी चालायची आणि घाट लागला की पुन्हा तेच. शेवटी दोष निघाला तो पाचशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या एका वस्तूत. तिथे पोचायचा रस्ता सोपा होता, पण आधी एक प्रश्न विचारायला हवा होता: गाडी नेमकी केव्हा तापते?

या प्रश्नाचं महत्त्व कळण्यासाठी इंजिनात किती उष्णता तयार होते ते पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी, लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी तासाला पाच लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे सुमारे ४६ किलोवॉट. ढोबळ हिशेबाने यातला एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला एक तृतीयांश कूलंटला वाहून न्यावा लागतो. हे झाले १५ किलोवॉट. आपल्या बाथरूममधला गीझर दोन किलोवॉटचा असतो. बोनेटखाली असे सात-आठ गीझर सतत चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता समोरच्या जाळीतून हवेत सोडायची आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, ज्या ॲल्युमिनियमचं असतं ते ६६० अंशांच्या आसपास वितळतं. धातू टिकतो तो फक्त पाठीमागून पाणी खेळत असतं म्हणून. मोटारीच्या जन्मापासून ही अडचण सोबत आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्झहाइमला मोटारीने गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानला जातो. त्या गाडीत पाणी उकळून उडून जायचं, त्यामुळे वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावं लागलं. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा, आठ हजारांहून जास्त बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला, तेव्हा कुठे थोडक्या पाण्यात भागू लागलं. आजचा रेडिएटर दिसायला वेगळा, पण तत्त्व तेच: पाण्याचे पातळ ओघ करा आणि त्यांना जास्तीत जास्त हवा लागू द्या.

पाण्याची फेरी अशी असते. वॉटर पंप कूलंट इंजिनात ढकलतो. तिथे ते तापून थर्मोस्टॅटपाशी येतं. थर्मोस्टॅट उघडा असला तर वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये जातं आणि थंड होऊन खालच्या पाइपने परत येतं. थर्मोस्टॅट ही फार सुंदर वस्तू आहे. तिला वायर नाही, बॅटरी नाही. पितळेच्या छोट्या कुपीत मेण भरलेलं असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं आणि दांडा ढकलून झडप उघडतं. थंड झालं की स्प्रिंग झडप मिटवते. सकाळी इंजिन लवकर गरम व्हावं आणि नंतर एका ठरावीक तापमानाला राहावं, एवढ्यासाठी ही योजना. आपल्याकडे गाडी तापली की ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट नको’ असा सल्ला सर्रास मिळतो. कृपया ऐकू नका. इंजिन मग कायम थंडसर चालतं, कंप्युटर त्याला अजून गरम न झालेलं समजून जास्त पेट्रोल पाजतो आणि मूळ दोष आत तसाच राहतो.

आता तो प्रश्न. गाडी सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये तापते, पण हायवेला लागली की काटा खाली येतो? मग संशय फॅनवर. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो फॅनच देतो. एसी चालू करून बोनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरू लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर, या क्रमाने बघा. फ्यूज दहा-वीस रुपयांचा असतो, मोटर काही हजारांची. म्हणून क्रम महत्त्वाचा.

उलट गाडी गावात ठीक आणि घाटात किंवा भरधाव चालवताना तापत असेल, तर फॅन बहुधा निर्दोष आहे. घाटात इंजिन सपाटीइतकीच किंवा त्याहून जास्त उष्णता तयार करतं, पण वेग असतो ताशी ३०. वारा निम्म्याहून कमी. त्यात मे महिना. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा १५ अंशांवर असेल तर फरक ८० अंशांचा. हवा ४२ वर गेली की फरक ५३ वर येतो, म्हणजे रेडिएटरची उष्णता फेकण्याची ताकद एक तृतीयांशाने घटली. एसी चालू असेल तर त्याच्या कंडेन्सरमधून, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या एसीच्या जाळीतून, आधीच तापलेली हवा रेडिएटरला मिळते. एरवी झाकून राहणारा थोडासा दोष इथे उघडा पडतो: रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अरुंद झाल्या असतील, जाळीत धूळ आणि किडे बसले असतील, पंपाची पाती झिजली असतील किंवा कूलंटच कमी असेल.

आणि गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, आत हवा अडकली आहे, नाहीतर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी पातळ चकती, गेलं आहे. वरचा पाइप चटका देण्याइतका गरम आणि खालचा गारच, असं आढळलं तर पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही हे समजावं. हात लावताना जपा, इंजिन बंद असलं तरी फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

माझी गाडी दुसऱ्या प्रकारातली, फक्त घाटात तापणारी. फॅनच्या मोटरवर केलेला खर्च हा प्रश्न न विचारल्याचा होता. त्या दिवशी तासाभराने इंजिन निवल्यावर थोडं पाणी घालून हळूहळू घाट चढलो आणि पाटणच्या अलीकडे एका छोट्या गॅरेजात गाडी लावली. तिथले मिस्त्री साठीचे असतील. त्यांनी आधी काहीही उघडलं नाही. “दादा, गावात तापते का?” “नाही.” “खाली पाणी गळतं का?” “नाही.” “बाटली?” “काठोकाठ भरलेली असते, मामा.” त्यांनी मान डोलावली, गार झालेल्या रेडिएटरचं झाकण काढलं आणि बोट आत घातलं. बोट कोरडं निघालं. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा! मग त्यांनी झाकण उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं. खालची रबरी चकती नखाने दाबून पाहिली, तर ती बोटाच्या नखाइतकीच कडक झाली होती आणि एका बाजूला केसासारखी चीर होती.

रेडिएटरचं झाकण म्हणजे घरातल्या कुकरच्या झाकणाचा सख्खा भाऊ. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये हवेच्या दाबावर आणखी एका वातावरणाइतका दाब चढला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहतं. रेडिएटरचं झाकणही साधारण ०.९ ते १.१ बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाब धरून ठेवतं. कूलंटमध्ये निम्मं एथिलीन ग्लायकॉल असलं तर उकळण्याचा बिंदू आधीच १०६-१०७ अंशांवर जातो, आणि दाबामुळे १२५ च्या पुढे. हेडमधल्या अरुंद वाटांमध्ये धातू सगळ्यात तापलेला असतो. तिथे कूलंट द्रवरूपच राहायला हवं, कारण वाफेचा बुडबुडा धातूची उष्णता द्रवासारखी ओढून घेऊ शकत नाही.

कुकरची रिंग कडक झाली की शिटी होत नाही, वाफ कडेने फसफसते आणि डाळ शिजत नाही. माझ्या गाडीत तेच चाललं होतं. गावात कूलंट १०० च्या खाली राहायचं, त्यामुळे दाबाची गरजच पडत नसे. घाटात हेडजवळ ते उकळायचं, बुडबुडे कूलंटला बाटलीत ढकलायचे. इंजिन निवलं की आत पोकळी तयार होते आणि झाकणातल्या दुसऱ्या छोट्या झडपेतून बाटलीतलं कूलंट परत ओढलं जायला हवं. पण चिरलेल्या चकतीतून हवाच आत शिरायची. म्हणून बाटली भरलेली, रेडिएटर तहानलेला आणि जमिनीवर थेंब नाही. शिवाय घाटमाथा सुमारे सहाशे मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी असल्याने उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. दाब न धरणाऱ्या झाकणाला हे दोन अंशही महाग पडतात.

मिस्त्रींनी नवं झाकण बसवलं, कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा काढली. एवढंच काम होतं. झाकण तपासायचा छोटा हातपंपही मिळतो. किती दाबाला झाकण सुटतं ते त्यावर लगेच दिसतं. गाडी तापते म्हणून गॅरेजात जाल तेव्हा ही तपासणी आधी मागा.

याच झाकणाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन तापलेलं असताना ते उघडू नका. हिशेब करून पाहा. आत पाच लिटर पाणी १२० अंशांवर आहे. झाकण उघडताच दाब उतरतो आणि पाण्याला १०० वर यावं लागतं. त्यासाठी त्यातला जेमतेम चार टक्के भाग, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी, क्षणात वाफ होतं. ऐकायला थोडं वाटतं, पण एवढी वाफ तीनशे लिटर जागा मागते. दोनशे लिटरची दीड पिंपं भरतील इतकी वाफ त्या दोन इंचांच्या तोंडातून उरलेलं उकळतं पाणी घेऊन बाहेर येते, आणि समोर असतो वाकून बघणाऱ्याचा चेहरा. कापड धरून हळूच उघडलं तर चालतं, हा समज खोटा आहे. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाइप दाबला तर मऊ लागेपर्यंत झाकणाला हात नको.

तापलेल्या इंजिनावर बादलीने पाणी ओतायचीही पद्धत आहे. तीही नको. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुपटीने पसरतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा १०० अंश जास्त तापलं तर ०.९ मिलिमीटर वाढतं. खालचा ब्लॉक बिडाचा असेल तर तो तितक्याच तापमानाला निम्माच वाढतो. ही ओढाताण चालू असताना एका बाजूने गार पाणी पडलं तर हेड वाकतं किंवा तडकतं. हेडच्या सपाटपणात बहुतेक कंपन्या ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतच फरक चालवून घेतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका. त्यापुढे हेड उतरवणं, फेसिंग मारणं, म्हणजे ते घासून सपाट करणं, गॅस्केट बदलणं आणि मोठं बिल.

गॅस्केट गेलं असेल तर ओळखू येतं. सायलेन्सरमधून गरम इंजिनालाही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसतो. कूलंटमध्ये सतत बुडबुडे येतात. खात्रीसाठी गॅरेजात निळ्या द्रवाची चाचणी करतात. रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढली आणि त्यात जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड असला, तर निळा रंग पिवळा होतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी नक्की मागावी.

‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला, पाणी घाला’ हेही खूप ऐकू येतं. बोअरचं पाणी घालून पाहा, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर दोन मिलिमीटर रुंदीच्या नळ्यांत बसेल. तो थर ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढीच उष्णता जाऊ देतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनंही असतात. मात्र नुसतं घट्ट कूलंटही ओतू नये. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, म्हणून निम्मं डिस्टिल्ड वॉटर हवं. रंग जुळला म्हणून दोन वेगळे कूलंट मिसळू नका. रंगाचा काही पक्का नियम नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

काट्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत मधल्या मोठ्या टप्प्यात काटा मुद्दाम एकाच जागी स्थिर ठेवलेला असतो. तो हलला तेव्हा तापमान बरंच वर गेलेलं असतं. कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो, इंजिन भाजत असतानाही. काटा चढला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर टाका. उन्हाळ्यात हे नको वाटेल, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. हीटरमधून गार हवा आली तर समजा की आत कूलंट उरलेलं नाही किंवा फिरत नाही. मग एक वळणही पुढे नको. तिथेच सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, तोच घाट तेवढ्याच माणसांना घेऊन पुन्हा चढलो. एसी चालू होता. माथ्यावर चहाला थांबलो, गाडी निवू दिली आणि मग झाकण उघडून पाहिलं. कूलंट तोंडापर्यंत होतं.