डेस्कटॉप डेटाबेसची सर्व्हरजोडणी

अ‍ॅक्सेस, फॉक्सप्रो यांसारखी मुळात एका संगणकापुरती केलेली डेटाबेस प्रणाली नेटवर्कवरच्या सामायिक सर्व्हरवरील माहितीला जोडून, तीच माहिती अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी केलेली व्यवस्था. कोकणात आंब्याच्या पेढ्या, काजू कारखाने, पतसंस्था, वाचनालये अशा ठिकाणी तिची गरज पडते. आंब्याच्या पेढीवर मार्च ते मे या हंगामात एक जण बागेतून आलेल्या पेट्या नोंदवतो, दुसरा वाशीच्या गाडीत किती भरल्या ते लिहितो, तर तिसरा दलालाकडून आलेली पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) बागायतदाराच्या खात्याला लावतो. तिघांनी तीन फाइली ठेवल्या की हिशोब जुळवायला पावसाळा उजाडतो.

जोडणीचे दोन प्रकार आहेत. वरवर दोन्हींत ‘डेटा सर्व्हरवर’ असतो, पण काम कोण करतो यात मोठा फरक आहे.

पहिला प्रकार फाइल सामायिक करण्याचा. अ‍ॅक्सेसची फाइल सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात आणि प्रत्येक मेजावरचा संगणक ती थेट उघडतो. सर्व्हर फक्त फाइलचे तुकडे पुरवतो. शोधणे, जुळवणे, लिहिणे हे सारे आपापल्या संगणकावर होते. म्हणजे वखारीची किल्लीच सर्वांच्या हाती दिल्यासारखे. शोधायच्या रकान्यावर इंडेक्स (झटपट शोधण्याची सूची) नसेल तर एक नाव शोधायलाही सगळे टेबल, म्हणजे नोंदींचा पूर्ण तक्ता, तारेवरून वाहून येते. कोण कुठे लिहीत आहे याची नोंद शेजारी आपोआप तयार होणाऱ्या कुलूप-फाइलमध्ये राहते. ती तयार करता आणि पुसता यावी म्हणून वापरणाऱ्याला नुसत्या डेटाफाइलवर नव्हे, तर संपूर्ण फोल्डरवर लिहिण्याचा हक्क लागतो. ‘फाइल उघडते, पण काही लिहिता येत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

अ‍ॅक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. एका वेळी २५५ जण हा आकडा कागदावरचा. सतत लिहिणारे दहापंधरा जण झाले की चाल मंदावते. त्यामुळे फाइलचे दोन भाग करणे योग्य: टेबले सर्व्हरवर, आणि फॉर्म व अहवाल प्रत्येकाच्या संगणकावर. टेबलांचा दुवा देताना ड्राइव्हचे अक्षर वापरू नये, कारण एकाचा झेड दुसऱ्याकडे वाय असतो. त्याऐवजी ‘\\सर्व्हर\हिशोब’ असा पूर्ण मार्ग लिहावा. हीच फाइल ऑनलाइन साठवणीच्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवणे तर घातकच. तिथे प्रत्येकाकडे वेगळी प्रत असते, त्यामुळे कुलूप कुणालाच लागू होत नाही.

या पद्धतीचा खरा शत्रू म्हणजे लिहिता लिहिता तुटणारी जोडणी. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट जाते तेव्हा सर्व्हर यूपीएसवर तग धरतो, पण भिंतीवरचा नेटवर्क स्विच साध्या सॉकेटवर असतो आणि तोच आधी बंद पडतो. अर्धवट लिहिलेली फाइल मग उघडत नाही, किंवा दुरुस्त झाली तरी काही ओळी गहाळ असतात. म्हणून यूपीएसची पहिली तार स्विचला द्यावी. वाय-फायवर अशी फाइल उघडू नये. जांभ्याच्या जाड भिंतींपलीकडे सिग्नल क्षीण होतो, आणि क्षणभराचा खंडही पुरतो. समुद्रालगत खाऱ्या दमट हवेने केबलच्या जोडांवर गंज चढतो, तोही कारण ठरू शकतो.

दुसऱ्या प्रकारात सर्व्हरवर स्वतंत्र डेटाबेस इंजिन चालते: एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल. आपल्या संगणकावरचा कार्यक्रम फक्त प्रश्न पाठवतो, उत्तराच्या तेवढ्याच ओळी परत येतात. मधली तार तुटली तर अपुरा व्यवहार सर्व्हर स्वतः रद्द करतो आणि आधीची माहिती शाबूत राहते. वारंवार लाईट जाणाऱ्या गावात एवढ्या एका कारणासाठी हा प्रकार निवडावा. जोडणी बहुतेक वेळा ओडीबीसी या, कार्यक्रम आणि डेटाबेस यांच्यातल्या संवादाच्या, १९९२ साली आलेल्या मानकातून होते. या तीन इंजिनांचे नेहमीचे पोर्ट (सर्व्हरवरचे जोडणीचे क्रमांकित दार) अनुक्रमे १४३३, ३३०६ आणि ५४३२. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत) ते फक्त कार्यालयातल्या नेटवर्कसाठी उघडायचे. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडण्याची पद्धत) सुरुवातीला बंद असते, ते आधी चालू करावे लागते.

अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ऑफिस ३२ बिटचे असेल तर ओडीबीसी चालकही (जोडणी करून देणारा छोटा कार्यक्रम) ३२ बिटचाच हवा, विंडोज ६४ बिटची असली तरी. प्राथमिक की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना) नसलेले टेबल अ‍ॅक्सेसमध्ये जोडले जाते, पण त्यात लिहिता येत नाही. मराठी नावांचा प्रश्न वेगळाच: जुन्या फॉक्सप्रोच्या फाइलींत ती युनिकोडपूर्व फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली असू शकतात. ती आधी युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक संकेतपद्धतीत आणावीत, आणि मायएसक्यूएलमध्ये टेबलाची अक्षरसंहिता यूटीएफ८एमबी४ ठेवून युनिकोड चालकच वापरावा. नाहीतर बागायतदारांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात.

देवगडची शाखा आणि रत्नागिरीचे कार्यालय इंटरनेटवरून जोडायचे असेल तर फाइल सामायिक करण्याचा विचारही करू नये. व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने) डेटाबेस इंजिन गाठावे, किंवा शाखेने दूरस्थ डेस्कटॉपने कार्यालयातलाच संगणक वापरावा.

सर्व्हर कुठे ठेवायचा हाही जोडणीचाच भाग आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहरात पुराचे पाणी शिरले. तळमजल्यावरच्या यंत्राला अशा वेळी यूपीएसचा काही उपयोग नसतो. यंत्र वरच्या मजल्यावर आणि राखीव प्रत दुसऱ्या गावात असावी. अ‍ॅक्सेसची प्रत सगळे बाहेर पडल्यावर, कुलूप-फाइल नाहीशी झाली आहे हे पाहून घ्यावी. एसक्यूएल सर्व्हर चालू असतानाही त्याच्या स्वतःच्या आज्ञेने प्रत घेता येते, मात्र एक्सप्रेस आवृत्तीत वेळ लावून देणारी सोय नसल्याने ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरकडे सोपवावे लागते.