छोट्या मालविमानांची नोकरी: अमेरिकेत का वाढली, कराडला का पोचली नाही

सातारा-सांगलीकडून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) करायला निघालेल्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: आधी भाड्याने माल नेणाऱ्या छोट्या विमान कंपनीत उड्डाणाचे तास भरा, मग एअरलाइन बघा. सल्ला खोटा नाही, पण तो अमेरिकेतला आहे. ती वाट तिथे कायद्यातल्या फटींमुळे आणि बँकांच्या घाईमुळे तयार झाली. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

अमेरिकेत १९७७ पर्यंत हवाई मालवाहतुकीवर सरकारी नियंत्रण होतं. मार्गाचा परवाना मिळवणं महाकठीण. सवलत होती ती फक्त ‘एअर टॅक्सी’ला, म्हणजे ७,५०० पौंडांपर्यंत (साधारण ३,४०० किलो) माल नेणाऱ्या छोट्या विमानांना. फेडेक्स या कुरिअर कंपनीने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री १४ छोट्या फाल्कन जेट विमानांनिशी २५ शहरांसाठी सेवा सुरू केली, त्यामागे हीच मर्यादा होती. पहिल्या रात्रीची पार्सलं होती १८६.

पण छोट्या कंपन्यांचं खरं पोट भरलं ते चेकवर. संध्याकाळी जमा झालेला चेक सकाळच्या क्लिअरिंगच्या आत दुसऱ्या शहरात पोचला, तर बँकेचं एका दिवसाचं व्याज वाचत असे. कागदाच्या गठ्ठ्यासाठी विमान उडवणं त्यामुळे परवडायचं. रात्रीचं काम, जुनी दोन इंजिनांची पिस्टन विमानं आणि आत एकटा पायलट. नियमही याला पूरक होते. ढगातून, नुसत्या उपकरणांच्या भरवशावर प्रवासी न्यायचे तर सहवैमानिक किंवा चालू ऑटोपायलट लागायचा. मालासाठी यातलं काहीच सक्तीचं नव्हतं. अशा उड्डाणाचा कॅप्टन व्हायला १,२०० तास पुरत. सीपीएल २५० तासांवर मिळे, मधले तास बहुतेक जण शिकवण्यात काढत. पुढे २००४ मध्ये चेकच्या प्रतिमेला कायदेशीर मान्यता मिळाली आणि हा धंदा काही वर्षांतच आटला. शिल्लक राहिली ती मोठ्या कुरिअर कंपन्यांची फीडर उड्डाणं, म्हणजे लहान गावं आणि मोठा विमानतळ यांच्यात माल नेणारी, मुख्यतः सेसना कॅरॅव्हॅन या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर.

हे काम नेमकं कसं असतं, हे कॅरॅव्हॅनच्या लोडशीटवरून, म्हणजे वजनाच्या हिशेबाच्या कागदावरून कळतं. २०८बी मॉडेलचं कमाल उड्डाणवजन ३,९६९ किलो. रिकामं विमान सव्वादोन टनांच्या आसपास. टाक्या काठोकाठ भरल्या की इंधनच हजार किलो. उरले सातशे किलो, त्यात पायलटही आला. म्हणून कोणीही टाक्या भरून निघत नाही; पल्ला आणि माल यांची रोज घासाघीस चालते. माल चढवताना शेपटीखाली टेकू लावतात, नाहीतर मागच्या दारातून जड खोकी आत गेली की विमान चक्क शेपटीवर बसतं. जड नग पुढे, प्रत्येक कप्प्याचं वजन वेगळं लिहायचं, जाळी आणि पट्टे ताणून बघायचे. भार मागे सरकला तर उड्डाणानंतर नाक वर उठतं आणि दांडी पूर्ण पुढे ढकलूनही खाली येत नाही. दुसरा शत्रू पंखावरचा बर्फ. कॅरॅव्हॅनचे बरेच अपघात त्यातूनच झाले, म्हणून थंडीत उड्डाणाआधी पंखावर हात फिरवून बघण्याची सक्ती आली. नुसत्या नजरेला पातळ बर्फ दिसत नाही.

भारतात सुरुवात मालानेच झाली होती. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला आणलं ते टपाल. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा ही दोन इंजिनांची विमानं रात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. फेडेक्सने पुढे अमेरिकेत मेम्फिसला सगळा माल रात्री एका जागी आणून वाटायचं जे केलं, ते नागपुरात चोवीस वर्षं आधी चालू होतं. याचं श्रेय आपण फारसं घेत नाही. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या आणि नियमित मार्ग सरकारकडे आले. खासगी पायलटांना उरलं ते अनियमित काम. कलिंग या खासगी कंपनीच्या डाकोटा ईशान्येकडच्या सीमा चौक्यांवर धान्य टाकत. दरीत घिरट्या घालून उघड्या दारातून पोती लोटायची, तांदूळ दुहेरी पोत्यात, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरचं टिकतं.

नव्वदच्या दशकात मालवाहतूक खुली झाली. १९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदाही रद्द झाला. तोवर महामार्ग आणि प्रवासी विमानांच्या पोटातली जागा यांनी लहान माल उचलला होता. १९९६ मध्ये ब्लू डार्टची विमानसेवा आली ती थेट बोइंग ७३७ घेऊन. मधल्या पायऱ्या बांधल्याच गेल्या नाहीत.

आपल्या भागात तर मालच तसा नाही. तासगावची द्राक्षं शीतकंटेनरमधून न्हावा-शेव्याला आणि तिथून जहाजाने युरोपला जातात. शून्य अंशाला ती काही आठवडे टिकतात. बेदाणा आणि हळद यांना घाई नसते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नाजूक खरी, पण रात्री ट्रकमध्ये भरली की पहाटे मुंबईत. विमानाने दोन तास वाचवून दर कोण देणार?

कराडची धावपट्टी १९५५ च्या सुमाराची, कोयना प्रकल्पासाठी बांधलेली. लांबी सुमारे १,२८० मीटर. प्रशिक्षणाच्या विमानाला ती ऐसपैस आहे, ७३७ ला अजिबात नाही. कॅरॅव्हॅन उतरेल, पण मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांत इथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरची. धावायला अंतर जास्त लागतं, चढाई मंदावते आणि लोडशीटवरचा माल कमी करावा लागतो. सकाळी लवकर निघावं तर पावसाळा-हिवाळ्यात कृष्णाकाठचं धुकं आडवं येतं.

त्यामुळे इथे २०० तासांवर सीपीएल झालेला मुलगा मालविमानात जातो तोही ७३७ सारख्या मोठ्या विमानाचा सहवैमानिक म्हणून, टाइप रेटिंगचे (त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचे) पैसे आधी भरून. अमेरिकेत शिकून तिथेच तास भरायचे म्हटलं, तर नुसत्या तिथल्या लायसन्सवर नोकरी करता येत नाही, काम करण्याचा परवाना वेगळा लागतो. तो नसेल तर २५० तासांवर परत यायचं, डीजीसीएचे (भारताच्या हवाई वाहतूक नियामकाचे) पेपर देऊन लायसन्स बदलून घ्यायचं आणि कराडच्याच मुलांबरोबर रांगेत उभं राहायचं.